कोटाने खाल्लेले किरण

हेल्मेट डोक्यावर घाला म्हटलं, की आपण ते हाताला अडकवतो. नियम पाळल्यासारखं दिसलं म्हणजे झालं! एका रुग्णालयाच्या एक्स-रे विभागातले शून्यराव तर या कलेत अगदी मुरलेले होते.

हे नाव त्यांना सहकाऱ्यांनी दिलेलं. अंगावर किती किरण पडले हे मोजणारा एक छोटा बिल्ला विभागात प्रत्येकाला मिळायचा. दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जायचा आणि अहवाल यायचा. शून्यरावांचा अहवाल अकरा वर्षं शून्य! "किरणसुद्धा माणूस ओळखून वागतात," असं ते मिशीवर ताव देत सांगायचे. खरी गोष्ट अशी, की बिल्ला असायचा त्यांच्या पांढऱ्या कोटाला आणि कोट बाहेरच्या खोलीतल्या खुंटीला. आत उकडतं, ही सबब.

त्या वर्षी बाहेरच्या खोलीला रंग देताना खुंटी उखडली. शून्यरावांनी कोट आत नेला आणि छातीचा एक्स-रे काढायच्या फळीच्या कडेलाच अडकवला. तीन महिने तो तिथेच लोंबकळत राहिला.

मग अहवाल आला. वर्षाची मर्यादा तीन महिन्यांतच पार! शून्यरावांचं काम ताबडतोब थांबलं, रक्त तपासणीला गेलं.

घरी बायकोने ताट लांबूनच सरकवलं. सासूबाईंनी भर दुपारी पडदे ओढून जावयाकडे निरखून पाहिलं.

"चमकत नाहीत गं," त्या लेकीच्या कानात कुजबुजल्या. म्हणजे शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतपतच.

"अहो आई, मी माणूस आहे, काजवा नाही!" शून्यराव कडाडले. "एक्स-रे आरपार निघून जातात. अंगात साठून राहत नाहीत."

"मग तुमचं काम का थांबलं?" बायकोने विचारलं.

यावर मात्र त्यांनी ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी ते किरण-सुरक्षा अधिकारी मॅडमसमोर जाऊन उभे राहिले.

"मॅडम, ते किरण मी खाल्लेच नाहीत. कोटाने खाल्ले." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"असं होय? मग कोटाला रजेवर पाठवू?"

"चालेल की!" शून्यराव आशेने म्हणाले.

मॅडम हसल्या नाहीत. "रडणाऱ्या पोरांना टेबलावर कोण धरतं?"

"मीच."

"तेव्हा अंगात शिशाचा एप्रन असतो?"

"असतो... म्हणजे घाईत कधी राहतो."

"मग अकरा वर्षांत तुम्हाला किती किरण लागले?"

शून्यराव बोटांवर वर्षं मोजू लागले.

"कोटाचा आकडा माझ्याकडे आहे, तुमचा नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "बिल्ला किरण अडवत नाही, तो फक्त खरं सांगतो. ते ऐकून मी कामं वाटते, खोली तपासते. तुमचं शून्य बघून मी निर्धास्त राहिले. आणि तुमच्या हाताखालच्या त्या दोघी? त्यांनी तुमच्याकडूनच काम शिकलंय ना?"

शून्यराव धावतच विभागात गेले. "पोरींनो, बिल्ले कुठे आहेत?"

एकीने पर्समधून काढला, दुसरीने टेबलाच्या खणातून. "सर, तुमच्यासारखंच," धाकटी कौतुकाने म्हणाली.

अरेरे! हे ऐकण्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या! शून्यरावांनी स्वतःच्या हाताने दोघींचे बिल्ले त्यांच्या छातीवर लावले आणि लेखी कबुली दिली. वर सक्त ताकीदही मिळाली. खोलीची कसून तपासणी झाली, तेव्हा किरण अडवायला दारात बसवलेल्या शिशाच्या पत्र्यात बोटभर फट सापडली. ती बुजवून घेतली. रक्ताचा अहवाल ठीक आला, काम पुन्हा सुरू झालं, पण गेलेली अकरा वर्षं आता कोण मोजून देणार?

पुढच्या तिमाहीत शून्यरावांच्या नावापुढे एक आकडा आला. लहानसा, मर्यादेच्या पुष्कळ आतला. ते कागद नाचवत व्हरांडाभर फिरले. "आला! माझा स्वतःचा आकडा आला!" बाकावरच्या रुग्णांना वाटलं, यांना मुलगा झाला. दोघातिघांनी अभिनंदनही केलं.

मंडळी, मोजमाप आपल्याला नावं ठेवायला नसतं, सावध करायला असतं. मोजणाऱ्याला फसवलं, की आपण स्वतः तर आंधळे होतोच. आपल्या मागून विश्वासाने चालणाऱ्यांनाही खड्ड्याकडे नेतो. देखण्या खोट्या शून्यापेक्षा साधा खरा आकडा केव्हाही बरा!