चार सेकंद

रविवारी दुकान बंद ठेवायचं हा घड्याळवाल्याचा बावीस वर्षांचा नेम, आणि रविवारी त्याच्या हातात कामांची यादी ठेवायची हा त्याच्या बायकोचा. आजची यादी तशी साधीच होती: लाँड्रीतून चादरी, बुटाची टाच, पाव, लिंबं आणि शेवटी केस. फक्त केसांपुढे तिनं ‘अकरा वाजता’ असं लिहिलं होतं.

“अकराच का?”

“तेव्हा गर्दी नसते,” ती म्हणाली आणि रेडिओवरची नसलेली धूळ पुसायला लागली.

अकराला काय आहे ते त्याला चांगलंच ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक लेक आज पहिल्यांदा रेडिओवर बातम्या वाचणार होती. बापाशेजारचं दुकानातलं स्टूल सोडून तिनं ही नोकरी धरली, वेगळी खोली घेतली, त्याला दोन महिने झाले. तेव्हापासून त्यानं तोंडाला कुलूप लावलं होतं. ‘तुझं एक अक्षर ऐकणार नाही,’ असं रागाच्या भरात बोलून बसला होता, आणि माघार घेणं त्याच्या रक्तातच नव्हतं. घराबाहेर पडायला मिळालं ते बरंच झालं, असं त्यानं स्वतःला बजावलं.

चादरी मिळाल्या. चांभार मात्र निवांत होता. एकेक खिळा असा ठोकत होता, जणू त्याला आणखी शंभर रविवार मिळणार होते. एरवी घड्याळवाल्याला असा सावकाश हात आवडायचा. आज त्यानं चार वेळा मनगटाकडे पाहिलं. पाव आणि लिंबं त्यानं भाव न करताच घेतली, आणि अकराला तीन मिनिटं कमी असताना न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसला.

आरशाखाली रेडिओ चालू होता. अकराचे ठोके पडले आणि लेकीचा आवाज आला. आवाज जरा कोरडा होता, पण स्वच्छ.

बाकावर एक गृहस्थ पेपरची रविवारची पुरवणी वाचत होते. “बातम्या कसल्या ऐकताय?” ते न्हाव्याला म्हणाले. “गाणी लावा की.”

न्हाव्यानं कात्री ठेवून बटणाकडे हात नेला.

“राहू द्या,” घड्याळवाला म्हणाला. दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं रेडिओकडे बोट केलं. “माझी मुलगी आहे.”

न्हाव्यानं आवाज मोठा केला. गृहस्थांनी पुरवणी मिटली. पाच मिनिटांच्या बातम्या संपेपर्यंत दुकानात कुणी हू की चू केलं नाही, आणि अर्ध्या कापलेल्या केसांनिशी बाप मनगटावरच्या काट्याकडे बघत बसला. इतका अभिमान वाटेल असं त्याला वाटलं नव्हतं.

घरी आला तेव्हा बायको फोनवर बोलत होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, पिशव्यांकडे पाहिलं.

“चार सेकंद आधी संपवलं तिनं,” तो म्हणाला.

“मला काय सांगता? तिला सांगा,” म्हणत तिनं फोन त्याच्या हातात दिला.

“हॅलो, ठमे,” तो म्हणाला. “तुझं घड्याळ पुढे गेलंय. घेऊन ये, लावून देतो.”



“बाबा, मी स्टुडिओतल्या भिंतीवरच्या घड्याळावर वाचते.”

“असू दे,” तो म्हणाला. “तरी घेऊन ये.”