मिशीचा पण

पिंपळवंडीच्या भरल्या पाइपलाइनला पाणी बंद न करता नवा नळ जोडायचा विडा सावळेरामनं उचलला. "एक थेंब सांडला तर मिशी काढीन!" तो गरजला.

गावाला त्याचे विडे ठाऊक. कारंजं उडणारच म्हणून बायांनी धुणी आणली, एकानं म्हैस आणली, आणि त्याची चुलती कुशाबाई तर डोक्याला शिकेकाई चोळूनच येऊन बसली.

सावळेरामनं पाइपाला व्हॉल्व्ह आवळला, त्यातूनच रबरी बुचात घट्ट बसवलेलं ड्रिल घालून भोक पाडलं, ड्रिल बुचापर्यंत मागं ओढताच व्हॉल्व्ह फिरवून बंद केला. माती कोरडी ठक्क! त्यानं छाती काढून वर पाहिलं. टाळी एक नाही. म्हैससुद्धा रागानं बघत होती.

"आरं मुडद्या, डोळ्यात शिकेकाई चाललीया माझ्या!" कुशाबाई किंचाळली.

सावळेरामनं मिशीवरून शेवटचा हात फिरवला आणि व्हॉल्व्ह सताड उघडला.