तात्यांच्या हातचे जोड

"भोक पाडायचं नाही म्हणजे नाही," तात्या म्हणाले आणि त्यांनी मुलीच्या हातातला बाटलीचा होल्डर काढून घेतला.

"मग बसणार कसा तो? स्क्रूला दोन भोकं लागतात. दुकानदार म्हणत होता, ड्रिलनं पाच मिनिटांत पाडून देतो."

"त्याच्या स्वतःच्या डोक्याला पाड म्हणावं. चांगल्या नळीला भोक पाडलं की तिथंच ती कमजोर होते. सायकलची ही चौकट मी बांधलीये, बाई. कारखान्यातून नाही आली."

"बरं, पण आटपा. दहाच्या आत वस्तीवर पोचायचंय. तिथल्या म्हातारीला इंजेक्शन दिल्याशिवाय जेवता येत नाही."

तात्यांची मुलगी घरोघर फिरणारी नर्स होती. ऊन असो, चिखल असो, रोज पंचवीस-तीस किलोमीटर सायकल व्हायची. पाण्याची बाटली मागे कॅरिअरला बांधलेल्या औषधांच्या बॅगेत असायची. ती काढायला थांबा, दोरी सोडा, पुन्हा बांधा; म्हणून ती पाणी पिणंच टाळायची. गेल्या आठवड्यात पुलाच्या कठड्याला टेकून बेशुद्ध पडलेली एका ट्रॅक्टरवाल्याला सापडली होती. बाटली हाताशी पाहिजे, हे तेव्हा तात्यांनीच बजावलं होतं.

त्यांनी रबरी ट्यूबची रुंद पट्टी कापली. पाण्याच्या पाइपाला आवळतात तशा पत्र्याच्या दोन क्लिपा शोधल्या. हँडलखालून पायडलाकडे उतरणाऱ्या नळीला आधी रबर गुंडाळायचं, त्यावर होल्डर धरायचा आणि वर-खाली क्लिपा आवळायच्या. सोपं काम. पेट्रोलचा बोळा घेऊन ते नळी पुसू लागले.

गेल्या वर्षभरात सायकलच्या दुकानातलं तात्यांचं बरंचसं काम बोटांवरच चालायचं. डोळ्यांपुढे धुकं दाटलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. मुलीला कळलं होतं, पण विषय काढला की ते दुसऱ्याच गोष्टीला हात घालायचे.

हँडलजवळच्या जोडाशी त्यांचं अंगठ्याचं नख अडकलं.

त्यांनी पुन्हा नख फिरवलं. पुन्हा अडकलं. नळीच्या खालच्या अंगाला, पितळ वितळवून मारलेला जोड संपतो तिथून बोटभर पुढे. त्यांनी मान वाकवून पाहिलं. काळा रंग, बाकी काही दिसेना.

वरची क्लिप नेमकी तिथेच येत होती. रबर गुंडाळलं असतं, क्लिप आवळली असती, तर ती जागा झाकून गेली असती. कुणी विचारलंही नसतं. तात्यांच्या हातात पट्टी तशीच राहिली.

"काय झालं?" मुलीनं विचारलं.

"ही सायकल आज न्यायची नाही."

"म्हणजे?"

"नळीला चीर गेलीये."

मुलगी वाकली. तिनं बोट फिरवलं, डोळे बारीक करून बघितलं. "बाबा, रंगाला ओरखडा आहे हा. कुठं आपटली असेल. उद्या सवडीनं बघा."

"ओरखडा नाही."

"तुम्हाला दिसतं तरी का हल्ली?"

तात्यांनी काचकागद घेतला आणि तेवढ्या जागेचा रंग घासून काढला. मग चिंधी रॉकेलमध्ये बुडवून नळीला फासली. थोडा वेळ जाऊ दिला, नळी कोरडी पुसली आणि खडूचा चुरा तिच्यावर चोळला. पोलाद पांढरंफटक झालं.

"आता तू बघ," ते म्हणाले. "मला नाही दिसत."

ती उकिडवी बसली. आधी काहीच नव्हतं. मग खडूवर एक ओलसर काळी रेघ उमटू लागली, कुणी आतून काढल्यासारखी. खालून निघाली, डाव्या अंगानं वर चढली, मग उजव्याही. चिरेत मुरलेलं रॉकेल बाहेर येत होतं.

"कुठपर्यंत गेलीये?"

"अर्ध्याच्या वर," ती हळूच म्हणाली. "वर फक्त दोन बोटं शाबूत आहेत."

वस्तीच्या अलीकडचा उतार दोघांच्याही डोळ्यांपुढे आला. तिथे ती पाय पायडलांवर ठेवून सायकल नुसती सोडून द्यायची.

तात्या उठले. भिंतीला टेकवलेली स्वतःची सायकल त्यांनी पुढे ओढली. ती कारखान्यातून आलेली, जाड नळीची, तिलाही भोकं नव्हतीच. त्यांनी नळीवर इथून तिथून नख फिरवलं, मग रबर गुंडाळलं, क्लिपा आवळल्या, होल्डर हलवून पाहिला. सीट खाली घेतली. बाटली बसवली.

"ही ने."

"आणि तुम्ही?"

"मला पाय आहेत." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "आणि डोळ्यांच्या डॉक्टरला विचारून ठेव, कधी येऊ म्हणून."

ती निघाली. वळणावर तिनं बाटली काढली की नाही, ते त्यांना दिसलं नाही.

तात्या स्टुलावर बसले. ती चौकट बांधली त्या साली एका लॉटच्या नळ्या स्वस्तात मिळाल्या होत्या. नळ्या पातळ होत्या. जोड मारायची नवी बत्ती आणली होती, तिची आच जरा जास्तच लागायची. जोड मारताना नळी लालच्या पुढे, कमजोर पडेल इतकी तापलेली त्यांनी पाहिली होती. तेव्हा डोळे चांगले होते. चालतंय, म्हणाले होते.

त्या लॉटमधून पाच चौकटी झाल्या होत्या. एक ही. एक पुरात गेली, एक भंगारात गेलेली त्यांनी स्वतः पाहिली. उरल्या दोन. एक पाणपट्टी गोळा करणाऱ्या माणसाकडे आणि एक शाळेच्या शिपायाकडे.

त्यांनी दुकानाची फळी ओढली आणि भर उन्हात चालत निघाले.

पाणपट्टीवाल्याची सायकल अंगणात गंजून पडली होती. टायर नव्हते, तिच्यावर कपडे वाळत होते. तात्यांनी सुटकेचा श्वास घेतला, पण थांबले नाहीत.

शिपाई निवृत्त होऊन दारात खुर्ची टाकून बसला होता. "या, या तात्या! इकडे कुठं वाट चुकलात?"

"सायकल कुठंय?"

"सायकल? अहो, सून नेते रोज. नातीला बालवाडीतून आणायला गेलीये. पुढं दांडीवर छोटी सीट लावून घेतलीये तिला. येतीलच इतक्यात. बसा, पाणी पिता?"

तात्या बसले नाहीत. रस्त्याच्या कडेला उभे राहिले. दुरून येणारा प्रत्येक माणूस त्यांना नुसता एक राखाडी डाग दिसत होता. एक सायकल आली, पुढे गेली. दुसरी आली, तिच्यावर कुणी पुरुष होता. मग चढाच्या माथ्यावर घंटी वाजली आणि पाठोपाठ एका लहान मुलीचं हसणं ऐकू आलं. सायकल उतारावरून वेगात येत होती.

तात्या रस्त्याच्या मधोमध गेले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

"जपून! ब्रेक एकदम दाबू नकोस!" ते ओरडले. "हळूहळू दाब, बाई, हळूहळू!"

सायकल त्यांच्यापासून चार हातांवर येऊन थांबली. सून घाबरून बघत राहिली. "काय झालं? घरी काही झालं का?"

"आधी लेकीला उतरव."

तिनं मुलीला उतरवलं. शिपाई खुर्चीतून उठून आला, शेजारचे दोघे-तिघे बाहेर आले. तात्यांनी हँडल हातात घेतलं. जोडाखाली अंगठा न्यायची त्यांना हिंमत होईना. मग त्यांनी नेला. नख अडकलं.

"ही सायकल मी बांधली," सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले. "वाईट बांधली. हिच्यावर आता कुणी बसू नका."

आणि सायकल हातानं धरून, रस्त्याच्या कडेकडेनं, ते दुकानाकडे चालू लागले.