समासातली बोटं

धाकट्या भावाने तिला 'ताई' म्हणायचं सोडलं त्याला जमाना झाला. तिचं नाव पडलं थापाडी. भाऊ म्हणायचा म्हणून बाबा म्हणू लागले, पुढे भाचरंही म्हणू लागली, थापाडी आत्या! एकदा गोदामात पाणी शिरलंय म्हणून ती घसा फोडून ओरडली, तर भाऊ म्हणतो कसा, "हो का? होड्या सोडू?" कागदाच्या गठ्ठ्यांचा लगदा झाला तेव्हा कुठे स्वारी उठली. एवढं होऊनही नाव काही सुटलं नाही. बाइंडरच्या घरातली खळसुद्धा इतकी चिकट नसते.

आणि हे सगळं कशापायी, तर एका चित्रकथेपायी. लहानपणी घरी मुलांचं एक मासिक यायचं. त्यात रिकाम्या घरात एकट्याच बसलेल्या पहारेकऱ्याची गोष्ट होती. शेवटच्या चित्रात तो जिवाच्या आकांताने ओरडतो. ताईने ती सुट्या अंकात वाचली आणि तिची बोबडीच वळली. "त्यात बोटं आहेत, लांबच्या लांब!" ती सगळ्यांना सांगत सुटली. पुढे बाबांनी वर्षभराचे अंक एकत्र बांधले, तोवर भाऊ वाचायला शिकला होता. त्याने पानन्‌पान धुंडाळलं. बोटं कसली, नखसुद्धा नाही! "दाखव ना, कुठायत?" तिने पाहिलं, तर खरंच नव्हती. भावाने चिडवलं त्याचं एवढं नाही, पण त्या दिवसापासून तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचाच विश्वास उडाला. साधं 'दूध नासलंय' म्हणायचं तरी ती आधी चारदा वास घ्यायची.

बाबांचं बाइंडिंगचं दुकान आता हे दोघं चालवतात. ती पुस्तकं शिवते, तो कटिंग मशीनवर कडा कापतो. परवा एका वाचनालयाकडून जुनी मासिकं बांधायला आली. शिलाई झाल्यावर पानं तपासता तपासता अचानक तोच पहारेकरी समोर आला. पान उलटायला तिने कडेला अंगठा ठेवला आणि तो चटका बसल्यासारखा मागे घेतला.

बोटं होती! चौकटीत नव्हतीच ती, बाहेर होती, कोऱ्या समासात. पहिल्या पानावर नुसती टोकं, पुढे पेरं, आणि शेवटच्या पानावर अख्खा पंजा. तोही कुठे, तर पान उलटताना आपण अंगठा टेकवतो तिथेच. आणि तो पहारेकरी स्वतःसाठी ओरडतच नव्हता. चौकटीबाहेर बघून तो वाचणाऱ्याला सावध करत होता!

काय डोकं असेल त्या चित्रकाराचं! जिथे कुणी ढुंकून बघत नाही तिथे भीती ठेवली, आणि वाचणाऱ्याला स्वतःच्या हाताने तिला शिवायला लावलं. तिला त्या अनोळखी माणसाचे पाय धरावेसे वाटले.

मग लख्ख आठवलं. बाबा! कड कशी आरशासारखी हवी, म्हणून ते सढळ हाताने कापायचे. बोटं गेली होती कातरणाच्या पोत्यात. अशी पोती जन्मभर तिनेच भरली, आणि तिला हे सुचू नये? काखेत कळसा नि गावाला वळसा!

"थापाडे, झोपलीस की काय?" म्हणत भावाने तिच्या हातून पुस्तक घेतलं आणि पात्याखाली सरकवलंसुद्धा.

"खबरदार कापशील तर!" ती अशी कडाडली की तो दचकला. पुस्तक ओढून घेत तिने पहारेकऱ्याची गोष्ट उघडली. "आधी हे वाच. माझ्यासमोर वाच."

"आलं का पुन्हा तुझं भूत!" तो हसत हसत वाचू लागला. "अजून तसाच घाबरट आहे गं हा." एक पान उलटलं, दुसरं उलटलं. शेवटच्या पानावर त्याचा अंगठा कडेला टेकला, आणि पुस्तक हातातून सुटून टेबलावर आदळलं.

त्याने अंगठा सदऱ्याला पुसला. पुन्हा पुसला. पात्याकडे पाहिलं, खाली पडलेल्या कातरणांकडे पाहिलं. बाइंडरचाच मुलगा तो, त्याला वेगळं सांगावं लागलं नाही.

"याची कड नाही कापायची," तो हळूच म्हणाला. "वाचनालयवाल्यांना मी सांगतो. खडबडीत तर खडबडीत."

तिचे डोळे भरून आले होते. पुस्तक टेबलावर उघडंच पडलं होतं आणि भाऊ हात मागे बांधून उभा होता.

"ताई," तो म्हणाला, "ते पुस्तक तेवढं तू मीट ना."