पंप चालू होता

तिकोणा पेठेचा भिमाजी तुंगार्लीतल्या एका बंगल्यावर चौदा वर्षं ड्रायव्हर होता. चार वर्षांपूर्वी एका सकाळी मालकांची पेट्रोलची गाडी चालू होईना. स्टार्टर फिरायचा, पण इंजिन काही पकडत नव्हतं. लोणावळ्याचा गॅरेजवाला आदिनाथ आला. त्यानं मागची सीट उचलून टाकीतला पेट्रोलचा पंप बदलला आणि गाडी चालू झाली. दोन वर्षांच्या गाडीचा पंप कसा काय गेला, असं मालकांनी विचारलं. काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून आदिनाथ हात पुसता पुसता म्हणाला, ड्रायव्हर पेट्रोल काढून विकत असेल आणि वर रॉकेल ओतत असेल.

मालकांनी तो जुना पंप भिमाजीच्या हातात ठेवला आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

ही गोष्ट त्याच्या आधी गावात पोचली. पुन्हा कुणी भिमाजीकडं गाडीची किल्ली दिली नाही. पवना धरणाच्या काठावर पर्यटकांसाठी तंबू लागतात, तिथं तो खुंट्या ठोकायला जाऊ लागला. लग्नाच्या पंगतीत बसला की कुणीतरी हमखास म्हणायचं, भिमाजीशेजारी काडी ओढू नका रं. पंगत हसायची. भिमाजीही हसायचा आणि खाली बघून जेवायचा.

त्याची मुलगी सारिका तेव्हा दहावीत होती. तिनं आयटीआयला मोटार मेकॅनिकचा कोर्स धरला, तो का, हे घरात कुणी विचारलं नाही. कोर्स संपल्यावर ती कामशेतला माऊली मेस्त्रींच्या गॅरेजात लागली. एका रविवारी तिनं ट्रंकेतला तो जुना पंप काढला, अंगणात बॅटरी ठेवली आणि पंपाच्या दोन वायरी तिला लावल्या. पंप गुर्रकन फिरला. तिनं बंद करून पुन्हा लावला, पुन्हा फिरला. पाच वेळा फिरला. रॉकेलनं खराब झालेला पंप असा फिरत नाही. म्हणजे पंपाला काहीच झालं नव्हतं. कुठली तरी वायर ढिली झाली असणार, आणि आदिनाथनं जुना पंप काढून नवा जोडला तेव्हा ती आपोआप घट्ट बसली. मीटर लावून बघायची तसदीसुद्धा त्यानं घेतली नव्हती.

भिमाजी उंबऱ्यात उभा राहून बघत होता. तो एवढंच म्हणाला, "बंद कर ते."

सारिकानं पंप बंद केला. पण आदिनाथला आता सोडायचा नाही, हे तिचं तिथंच ठरलं.

माऊली मेस्त्रींची जुनी गाडी मागून घेऊन ती लोणावळ्याला गेली. आदिनाथच्या गॅरेजसमोर गाडी उभी केली, मागची सीट उचलून पंपाची अर्थिंगची वायर सोडली आणि सीट होती तशी बसवली. मग आत जाऊन म्हणाली, गाडी दारातच बंद पडलीय. मोबाईल तिनं डॅशबोर्डला टेकवून ठेवला होता, रेकॉर्डिंग चालू करून.

आदिनाथनं किल्ली फिरवली. किल्ली दिल्यावर मागच्या सीटखाली दोन सेकंद पंपाची घरघर ऐकू यायला हवी, ती आली नाही. तेवढ्यावर त्यानं सांगून टाकलं, पंप गेलाय, नवीन टाकावा लागेल.

आत्ताच बदललेला होता, कसा गेला, असं सारिकानं विचारलं. गाडीवर ड्रायव्हर आहे का, असं त्यानं विचारलं. ती हो म्हणाली.

"मग रॉकेल ओतत असणार," आदिनाथ म्हणाला. "ही जात सगळी सारखीच."

तिची कानशिलं तापली. तिनं पिशवीतून मीटर काढला, सीट उचलली आणि तिथं बसलेल्या तीन गिऱ्हाइकांना जवळ बोलावलं. पंपापर्यंत बारा व्होल्ट येतायत हे तिनं काट्यावर दाखवलं, मग अर्थिंगची वायर दाखवली, लोंबणारी. ती लावून तिनं किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

"वायर मीच काढली होती," ती म्हणाली. "भिमाजी आठवतो का?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. बंगला सांगितला, वर्ष सांगितलं, तरी तो नुसता बघत राहिला. त्या चार वर्षांच्या अपमानापेक्षा तिला हे जास्त झोंबलं. तिनं मोबाईल उचलून त्याच्यापुढं धरला आणि म्हणाली की मंगळवारी तिकोणा पेठेत येऊन खरं काय ते सांगायचं, नाहीतर हे रेकॉर्डिंग लोणावळ्यातल्या प्रत्येक बंगलेवाल्याकडं जाईल.

आदिनाथ मंगळवारी सकाळी दहाला आला. सारिकाला वाटलं होतं, आबा दोन शब्द ऐकून घेतील, चहा पाजतील आणि जाऊ द्या म्हणतील. वडिलांचा स्वभावच तसा. भिमाजीनं आदिनाथला बसाही म्हटलं नाही. त्यानं इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाला, "चला."

पहिलं दार दूध डेअरीचं. आदिनाथ तिथं मान खाली घालून म्हणाला, भिमाजीनं रॉकेल मिसळलं नव्हतं, मी न तपासता बोललो.

"न तपासता न्हवं," भिमाजी म्हणाला. "खोटं बोललो, म्हना."

आदिनाथनं तसं म्हटलं. मग दुसरं दार, मग तिसरं. जिथं जिथं कुणी त्याच्यावर हसलं होतं, ते प्रत्येक घर भिमाजीच्या ध्यानात होतं. सारिका मागून चालत होती. सुरुवातीला तिला इतका आनंद झाला की हसू आवरेना. पाचव्या दारापर्यंत आदिनाथचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि तोंडातून शब्द नीट फुटत नव्हता.

"आबा, बास आता," ती हळूच म्हणाली.

"मला कोन बास म्हनलं व्हतं?" भिमाजी म्हणाला, आणि पुढं निघाला.

शेवटचं घर म्हाताऱ्या भामाबाईचं. आदिनाथ बोलला, तशी तिनं कानामागं हात धरला आणि हा काय म्हणतोय, असं भिमाजीला विचारलं.

"मावशीला कमी ऐकू येतं," भिमाजी आदिनाथला म्हणाला. "मोठ्यानं सांगा."

आदिनाथ मोठ्यानं बोलला. आजूबाजूची माणसं दारात आली. भामाबाईनं मान हलवली, ऐकलं म्हणाली. भिमाजी हात मागं बांधून उभाच होता. "आजून एकदा," तो म्हणाला, "आत्ता आल्यात त्यांनी ऐकलं न्हाई."

आदिनाथ गेल्यावर गाव भिमाजीशी नीट बोलू लागलं. पुढच्या महिन्यात सरपंचांच्या मुलीचं लग्न निघालं. नवरीची गाडी चालवायला तूच पाहिजेस, असं सांगायला सरपंच स्वतः घरी आले. पंगतीतली ती काडीची गंमत पहिल्यांदा त्यांनीच केली होती. भिमाजीनं त्यांना पाट दिला, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"दुसरा मानूस बघा," तो म्हणाला, आणि ते फाटकाबाहेर पडेपर्यंत त्यांच्याकडं बघत राहिला.