बाबा उभे होते तिथं

आमच्या ह्यांना रुसायला कारण लागत नाही, पण यंदा मिळालं होतं. लेकीनं दुसऱ्या प्रशिक्षक बाई धरल्या. तिच्या हातात पहिला भाला ह्यांनीच दिलेला. नळदुरुस्तीची कामं आटोपून हे रोज मैदानावर जायचे आणि तिची सगळ्यात लांब फेक जिथं पडायची, त्याच्या चार पावलं पलीकडे उभे राहायचे, भाला उपसून परत आणायला. ती बाईंकडे गेली आणि ह्यांनी मैदानाकडे पाठ फिरवली. "आता आम्हाला कोण विचारतंय!" म्हणत घरी नाक फुगवून बसायचे.

निवड चाचणीच्या दिवशी भाले आणणारी माणसं कमी पडली, तेव्हा हे आपणहून मैदानात उतरले. मला बरं वाटलं. चला, राग निवळला. लेक तिसरी होती, संघात दोघीच जाणार होत्या आणि तिची एकच फेक उरली होती.

ती धावत आली. भाला हातातून सुटला तेव्हाच कळलं, हा नेहमीचा नाही. तो खाली यायचं नावच घेईना. आणि त्याच्या वाटेत हे, कमरेवर हात ठेवून, तोंड फिरवून लांबच्या पंचाला काहीतरी सांगत होते!

"बाबा, सरका!" लेक किंचाळली आणि फेकीची रेषा ओलांडून धावत सुटली.

भाला ह्यांच्या बुटापासून हातभर अंतरावर जमिनीत घुसला. पंचानं लाल झेंडा वर केला. रेषा ओलांडली म्हणून फेक बाद. संघातली जागा गेली.

हे भानावर आले ते तिच्यावरच ओरडत. "अगं, रेषा ओलांडायची असते का? अक्कल गहाण टाकलीस? मी सरकलो असतो की!"

असा संताप आला मला! जीव वाचला त्याचं काहीच नाही.

लेक पांढरीफटक पडली होती. "बाबा, भाले आणणारे बाकीचे सगळे दोरीबाहेर थांबले होते. तुम्ही मधेच का?"

"मधे कुठं? माझी रोजची जागा ती."

"म्हणजे माझा भाला तिथवर येणारच नाही, अशी खात्री होती तुम्हाला?"

खोटं का होईना, ह्यांनी नाही म्हणावं म्हणून मी ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"होती," हे म्हणाले आणि तिथंच मटकन खाली बसले.