नारळाची भेग

मी मधपेटी बोलतेय. जिच्या छपरावर आडवी भेग दिसतेय ना, तीच मी. ही भेग उन्हाने पडलेली नाही आणि पावसानेही नाही. ती नारळाने पडलीय. माझ्या डोक्यावर नारळ कोणी फोडला आणि का फोडला, ते सांगतेच. पण आधी माझ्या जन्माचं ऐकून घ्या, तेवढा मान मला द्या.

माझा जन्म २००५ साली पाचगणीजवळच्या एका गावात झाला. गावातल्या शाळेचं जुनं सागवानी दार काढून टाकलं होतं. सुबोध नावाच्या माणसाने त्याच्या फळ्या घासून, तासून मला बनवलं. खाली पिल्लांचा कप्पा, वर मधाचा कप्पा, आत उभ्या लाकडी चौकटी आणि पुढे बोटभर उंचीची फट. ती फट म्हणजे माझं दार. सुबोधचे वडील जन्मभर मधपेट्या सांभाळत आले होते, त्यामुळे त्याचा हात माझ्यावर अगदी अलगद फिरला.

सुबोधची बहीण शुभदाताई सिंगापूरला बेडोकमध्ये राहते. तिच्या नवऱ्याने, हेमचंद्रांनी, मला मागवलं होतं. फळ्या सुट्या करून, मेतकुटाच्या पुड्यांच्या मधे बांधून सुबोधने मला विमानाने नेलं. फ्लॅटमध्ये पोचल्यावर मला पुन्हा जोडलं आणि दाराबाहेर ठेवलं. पंधरा दिवस घरातल्या माणसांनी माझ्यावर चपला ठेवल्या. ते मी लक्षात ठेवलंय.

खरं सांगायचं तर मला मधासाठी मागवलंच नव्हतं. कागदासाठी मागवलं होतं.

हेमचंद्र हिशेबतपासनीस. सदऱ्याच्या खिशात दोन पेनं, एक चाललं नाही तर दुसरं असावं म्हणून. त्यांचे एक जुने स्नेही होते, अंकल सेंग. वय बहात्तर. बेटाच्या वायव्य टोकाला, जिथे बससुद्धा तासाभराने येते, तिथे सेंगची भाडेपट्ट्याची फळबाग. लिचीसारखं केसाळ रंबुतान, स्टारफ्रूट आणि अकरा पपनसं. ही अकरा पपनसं सेंगच्या बायकोने स्वतःच्या हाताने लावलेली. ती आता नाही. तिने लावलेली झाडं मात्र आहेत. हेमचंद्र दरवर्षी सेंगचे कागद भरून द्यायचे आणि मोबदल्यात चार पपनसं घरी न्यायचे.

त्या वर्षी सेंगला एक पत्र आलं. बागेत आता नावापुरतं पिकतंय, जमिनीवर खरोखर शेती होते असं दाखवा, नाहीतर शेतजमिनीची करसवलत बंद. पूर्ण कर भरणं सेंगच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणजे जमीन परत करायची, आणि झाडांवर यंत्र फिरायचं.

हेमचंद्रांचा मावसभाऊ मुकुल टेक्सासला असतो. त्याने फोनवर सांगितलं होतं, की तिकडे लोक जमिनीवर मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात आणि जमीन शेतीची ठरते. हेमचंद्रांनी इथले नियम काढून वाचले. मधमाशीपालन शेतीत धरत होते. झालं! माझी बदली बेडोकच्या चपलांखालून सेंगच्या बागेत झाली. हेमचंद्रांनी मला पपनसांखाली विटांवर ठेवलं, चारही बाजूंनी फोटो काढले आणि हात झटकले.

"झालं का?" शुभदाताईने विचारलं.

"झालं की. पेटी आली, फोटो आले."

"अहो, पण माश्या?"

हेमचंद्रांनी माझ्या दाराकडे असं पाहिलं, जणू माश्या मीच आतून काढून द्यायच्या होत्या. शुभदाताई इतकी हसली की तिला विटेवर बसावं लागलं. मला मात्र तेव्हा वाईट वाटलं होतं. रिकाम्या घराचा फोटो काढून घेण्यात कसला आनंद?

मग तिने पदर खोचला. बागेतल्या जुन्या रंबुतानाच्या ढोलीत तिने पोळं शोधून काढलं. ढोलीच्या तोंडाशी क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "अगंबाई, ही तर आपली सातेरी!" ज्या माश्या तिच्या वडिलांच्या पेट्यांत असायच्या, त्याच जातीच्या. तिने पोळ्याच्या वड्या कापून केळीच्या सोपटाने माझ्या चौकटींना बांधल्या, राणी आत सोडली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या माश्या तिच्या मागून आत आल्या. त्या दिवशी मी पेटीची घर झाले.

पुढचे महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. सेंग रोज सकाळी कॉफीचा डबा घेऊन माझ्यासमोर स्टुलावर बसायचा. आधी लांब बसायचा, मग रोज स्टूल वीतभर पुढे यायचं. त्याच्या भाषेत तो माझ्याशी काहीबाही बोलायचा. मला शब्द कळत नव्हते, पण एकट्या माणसाचं बोलणं कुठल्याही भाषेत ओळखू येतं. पपनसांना त्या वर्षी फळ भरून धरलं. एकदा त्याने हेमचंद्रांना फांदी धरून दाखवलं, "सी, मिस्टर हेम. माय वाइफ ट्री. सो मेनी, लाह." सेंगच्या इंग्रजीत वाक्याला 'लाह'चं शेपूट असतं, आणि 'ऑलरेडी'चं 'अरेडी' होतं. पाहणी ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी ठरली आणि सगळे निर्धास्त होते.

आणि मग खंडेनवमी आली.

२००६ साली ती रविवारी होती. शुभदाताई भाचीच्या बारशासाठी पुण्याला गेली होती. एरवी हेमचंद्र या दिवशी घरातला कॅल्क्युलेटर, लॅपटॉप आणि गाडी पुजतात. या वर्षी त्यांच्या मनात आलं, की आपलं या वर्षीचं खरं अवजार तर बागेत आहे. भल्या माणसाच्या मनात माया दाटून आली, की तो जरा जास्तच करतो. सेरंगून रोडच्या भारतीय बाजारातून झेंडूचा जाड हार आणला. हार माझ्या दारावरच आडवा घातला. हळदकुंकू फासलं, अत्तराचा फाया चिकटवला. माश्या जिथे उतरतात त्या फळीवर धूप पेटवून ठेवला. तेव्हा शेजारच्या बेटांवरच्या जंगलांतल्या आगींचा धूर आधीच आठवडाभर हवेत कोंदला होता आणि माश्या बेचैन होत्या. मी ओरडत होते, पण लाकडाचं ओरडणं कोण ऐकतं? शेवटी नारळ. आजूबाजूला दगड दिसेना. तेव्हा...

कळलं ना आता भेग कसली ते?

दुसऱ्या दिवशी दुपारी माश्या उठल्या. आधी घोंघावल्या, मग एकदम सगळ्या दारातून बाहेर. अर्ध्या तासात मी रिकामी. माझ्या आत फक्त वड्या राहिल्या आणि अत्तराचा वास. मला त्यांचा राग आला नाही. धुराने भरलेल्या घरात पिल्लं कोण वाढवेल?

सेंगने कॉफीचा डबा स्टुलावर ठेवला. मग त्याने फोन लावला. "मिस्टर हेम. ऑल गॉन अरेडी."

गुरुवारी पाहणीला एक बाई आल्या. हातात फायलीचा पुठ्ठा, पायात चिखलाचे बूट. हेमचंद्रांना काहीही सांगता आलं असतं. माश्या चरायला गेल्यात, असंही म्हणता आलं असतं. पण त्यांनी खिशातलं पेन उगाच काढलं, परत ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, आय डिड अ प्रेयर. दे लेफ्ट. माय मिस्टेक, नॉट हिज." कान लाल झाले होते त्यांचे. चपला ठेवल्याबद्दल मी त्या क्षणी त्यांना माफ केलं.

बाई म्हणाल्या, "एम्प्टी बॉक्स, आय कॅनॉट राइट बीज." पण पाच आठवड्यांनी पुन्हा येईन, म्हणाल्या.

शुभदाताई परत आली. तिने मला खरवडलं, कुंकू पुसलं, चार दिवस उन्हात ठेवलं. भेगेत मेण भरलं. आतून जुनं मेण आणि गवती चहाची पात चोळली. "आता वाट बघायची," ती म्हणाली, "आणि तुम्ही दहा पावलं लांब."

दर रविवारी हेमचंद्र दहा पावलांवर उभे. सेंग रोज स्टुलावर. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. सेंगने कॉफी आणणं बंद केलं. नुसताच बसायचा, आणि मधेच उठून पपनसांच्या बुंध्यांवरून हात फिरवून यायचा.

मग एका सकाळी दोन माश्या आल्या. माझ्या आत फिरल्या, कोपरा न् कोपरा चालून मोजला, भेगेपाशी थांबल्या. त्या गेल्या. दुपारी आकाशात काळसर ढग आला, तो माझ्या दारापाशी उतरला आणि धो धो आत शिरला. सेंग स्टुलावरून उठलाच नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याने ते पुसलंही नाही.

सहाव्या दिवशी बाई आल्या. "ओपन प्लीज. आय मस्ट सी द फ्रेम्स."

हेमचंद्र छपराकडे निघाले. सेंग मधे येऊन उभा राहिला.

"नो ओपन."

"अंकल, इफ नॉट ओपन, आय कॅनॉट..."

"ओन्ली सिक्स डेज. यू ओपन, दे गो अगेन." त्याने पपनसांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "नेव्हर माइंड. राइट एम्प्टी."

अकरा झाडं एका बाजूला आणि सहा दिवसांचा एक थवा दुसऱ्या बाजूला, आणि म्हातारा माझ्यासाठी उभा राहिला होता. हेमचंद्रांनी एकदा बाईंच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग ते मागे फिरले आणि सेंगच्या शेजारी जाऊन उभे राहिले. जन्मभर कागद पुरा करणाऱ्या माणसाने तो कागद रिकामा राहू दिला.

शुभदाताई हळूच म्हणाली, "मॅडम, लुक अॅट देअर लेग्ज. येलो, नो? पोलन. दॅट इज फॉर बेबीज. दे आर स्टेइंग." मग तिने आपला कान माझ्या फळीला लावून दाखवला.

बाईंनी पुठ्ठा गवतावर ठेवला. गुडघ्यावर बसल्या आणि कान माझ्या कुशीला लावला. त्यांचा कान उबदार होता. आत हजारो पंख एका सुरात चालले होते. किती तरी वेळ त्या उठल्याच नाहीत. उठल्या तेव्हा त्यांच्या गालावर माझ्या लाकडाची धूळ होती. ती न झटकताच त्यांनी लिहिलं. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही, पण सेंग मटकन खाली बसला आणि शुभदाताईने त्याचे दोन्ही हात धरले.

आता २००९ साल चाललंय. माझा रंग उडालाय, तळाची एक फळी किडलीय. भाडेपट्ट्याची मुदत संपली की ही जमीन कोणाकडे जाईल, मला ठाऊक नाही. पण आज पपनसं उभी आहेत आणि मी भरलेली आहे.

कालच खंडेनवमी झाली. हेमचंद्र आले. खिशात दोन पेनं आणि हातात झेंडूचं एकच फूल. दहा पावलांवर थांबले, फूल एका पपनसाच्या बुंध्याशी ठेवलं आणि तिथूनच मला हात जोडले.

स्टुलावरून सेंग म्हणाला, "कम नियर, लाह. दे फॉरगेट अरेडी."

हेमचंद्र जागचे हलले नाहीत.

"आय डोंट फॉरगेट, अंकल," ते म्हणाले.

एवढंच मागणं आहे माझं. तुमच्या हाती कधी माझ्यासारखी पेटी आली, तर तिची पूजा जरूर करा. पण तिथूनच, दहा पावलांवरून.